पंख्यावर नाव नसलेले हुडगे सर

प्राध्यापक मन्मथ हुडगे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्याच वर्गाच्या दारात उभी राहून, धापा टाकत. हिमायतनगरहून निघालेली आमची एस.टी. भोकरला बंद पडली होती. दुसरी गाडी मिळून नांदेड गाठेपर्यंत एम.ए.चा माझा पहिलावहिला तास अर्ध्यावर आला होता. आता सर सगळ्यांसमोर फाडून खाणार अशा तयारीनं मी उभी होते. सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि उशिराचं कारण सोडून भलतंच विचारलं, "तुम्हाला इथवर कोणी शिकवलं?"

"माझ्या वडिलांनी," मी म्हटलं. वडील हिमायतनगरला शिलाईकाम करत. मशीन चालवून चालवून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. त्यामुळे हे उत्तर देताना माझी मान जरा जास्तच ताठ झाली असावी.

"वडिलांचे उपकार मोठेच. बसा. आणखी कोणी?"

मी बाकावर जाऊन बसले. सरांनी मग साऱ्या वर्गालाच धरलं. कुणी मामाचं नाव घेतलं, कुणी थोरल्या भावाचं. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, मला सरकारनं शिकवलं."

"सरकारनं? अरे वा! सरकारचं शेत कोणत्या शिवारात आहे हो? काय पेरतं सरकार? तूर की कापूस?"

वर्ग खो खो हसला. सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "तुमच्या गावच्या शाळेतला फळा, खडू, गुरुजींचा पगार, हे सगळं लोकांच्या करातून आलं. भोकरच्या मोंढ्यात धान्याची पोती उचलणारा हमाल चप्पल घेतो, त्यात कर असतो. देगलूरची एखादी बाई साबणाची वडी घेते, त्यात कर असतो. त्या दोघांना तुमचं नाव माहीत नाही आणि तुम्हाला त्यांचं. पण वडिलांच्या जोडीनं त्यांनीही तुम्हाला शिकवलं आहे. तेव्हा 'माझी मी शिकले' असं कधी म्हणू नका. आणि कुणी एकटा उठून 'हिला मी शिकवलं' म्हणाला, तर त्याचंही ऐकून घेऊ नका."

त्या संध्याकाळी बसस्थानकावर मी येणाऱ्याजाणाऱ्या माणसांकडे खुळ्यासारखी बघत बसले होते. शेंगा विकणारा, पोतं डोक्यावर घेतलेली म्हातारी, पायातली चप्पल हातात घेऊन गाडीमागं पळणारा. यांच्यातल्या कुणीकुणी मला शिकवलं असेल? सरांची आणि माझी ओळख झाली ती अशी. आता सर पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत आणि गौरवग्रंथाच्या समितीनं मला लिहायला सांगितलं आहे. "सुमनताई, जरा सांभाळून लिहा," असंही सांगितलं आहे. बघू कसं जमतं ते.

सर मूळचे उदगीरचे. घरी किराण्याचं दुकान, देवघरात महादेव आणि चुलीपाशी कानडी. त्यांच्या घरी आजही पाहुणा उंबऱ्यात आला की सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आतूनच "बर्री, कूड्री" म्हणतात, म्हणजे या, बसा. दोन मुलगे, दोघांनीही गल्ल्यावर बसावं अशी वडिलांची साधी अपेक्षा. थोरला बसला. धाकट्या मन्मथला मात्र दुकानात आलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना निजामाच्या काळातल्या गोष्टी विचारायचा नाद लागला. गिऱ्हाईक तिष्ठत उभं आणि हा पोरगा गिऱ्हाइकाच्या बापालाच विचारतोय, तुम्ही शाळेत का गेला नाहीत? वडिलांनी अखेर हात जोडले आणि म्हणाले, जा बाबा, शीक, नाहीतर दुकान बुडवशील.

सरांनी पुढं आयुष्यभर ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला, तो असा तागडीशेजारी सापडलेला आहे. शाळेचा खर्च करतं कोण? ऐकायला प्रश्न किती साधा! पण त्यापायी सरांनी लातूर, निलंगा, देगलूर, भोकर अशी सगळी वाट तुडवली. जुने कागद उर्दूत, म्हणून उदगीरच्या एका निवृत्त मौलवीसाहेबांकडे जाऊन उर्दू शिकले. मौलवीसाहेब कडक. सरांनी एखादा उच्चार चुकवला की ते म्हणत, "प्रोफेसरसाब, जबान है, आटा नहीं की कैसा भी छान लिया." हे वाक्य सर आम्हाला त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवत आणि स्वतःवर हसत. मौलवीसाहेबांचा फोटो सरांच्या बैठकीत वडिलांच्या फोटोशेजारीच लावलेला आहे.

या अभ्यासातून सरांनी जे मांडलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. चुकलं तर सर मला फोन करतीलच. फार पूर्वी गावात पंतोजी असायचा. ज्यांची मुलं शिकायची ते त्याला धान्य द्यायचे. ज्याच्या घरी धान्य नाही, त्याचं पोर शाळेबाहेर. निजामाच्या राज्यात शेतसाऱ्याबरोबर 'लोकल फंड' नावाचा उपकर घेतला जाऊ लागला. त्यातून रस्ते, दवाखाने आणि शाळा चालवायच्या असं ठरलं. शेतकरी तो भरत होता. पण शाळा असायची तालुक्याच्या गावी, शिकवणं उर्दूतून आणि बहुतेक खेड्यांतल्या पोरांनी तिचं तोंडही पाहिलेलं नसायचं. पुढं राज्य बदललं, जिल्हा परिषदा आल्या, शेतसाऱ्यावर त्यांचा उपकर आला, शहरात घरपट्टीबरोबर शिक्षण कर आला. नंतर तर केंद्रानंही करावर शिक्षणासाठी वेगळा उपकर लावला. पण गुरुजींचा पगार खरा निघतो तो सरकारच्या मोठ्या तिजोरीतून आणि ती तिजोरी भरते बाजारात काहीही विकत घेणारा प्रत्येक माणूस. आधी विक्रीकर म्हणून, आता जीएसटी म्हणून.

"पंतोजीला दाणे देणारा फक्त स्वतःच्या पोराचा खर्च करत होता," सर सांगायचे. "कर भरणारा दुसऱ्याच्या पोराचाही करतो. माणसानं एवढं मोठं मन दुसऱ्या कोणत्या कामात दाखवलंय, मला सांगा." हे बोलताना त्यांचा आवाज चढायचा, मूठ टेबलावर आपटायची आणि टेबलावरचा चहा सांडायचा. शिपाई मामा तर सरांच्या तासाला चहाचा कप हातातच धरून उभे राहत.

कुणाला वाटेल, सर सरकारची वकिली करत होते. छे! सरांइतकं सरकारला बोलणारा माणूस मी पाहिला नाही. शाळेचं छत गळतं, शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहतात, यावर त्यांनी अधिकाऱ्यांना भर सभेत विचारलं आहे, "लोकांनी त्यांचं काम केलं. तुमचं कधी करता?" मात्र त्याच तोंडानं ते लोकांनाही सोडत नसत. त्यांच्याबरोबर नांदेडच्या बाजारात जाणं म्हणजे शिक्षाच. पेनाची रिफिल घेतली तरी "पक्की पावती द्या." दुकानदार लांबूनच सर दिसले की पावतीपुस्तक शोधायला लागायचे. आणि सख्ख्या भावालाही सूट नाही! उदगीरला गेले असताना थोरल्या भावानं प्रेमानं तेलाचा डबा बांधून दिला. सरांनी पैसे काढले, वर पावती मागितली. भाऊ चिडले, "तम्मा, घरच्या माणसाला कसली रे पावती?" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. सर म्हणाले, "अण्णा, तुझ्या प्रेमाची नको. तेलाची दे." दोघांनी दिवसभर अबोला धरला. रात्री जेवायला मात्र एकाच ताटात बसले, असं काकू सांगतात.

सरांच्या स्वभावाचा आणखी एक कोपरा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, तो म्हणजे 'सप्रेम भेट'. आपल्या भागातल्या कुठल्याही शाळेत जा. वर पंखा बघा. तीन पाती असतील तर तिन्ही पात्यांवर नाव. एकावर दात्याचं, दुसऱ्यावर त्याच्या वडिलांच्या स्मरणार्थ, तिसऱ्यावर गाव. पाण्याच्या टाकीवर नाव, ताटावर नाव, वाढायच्या डावावरही नाव. पोरगं खिचडी संपवतं तोवर दात्याचं आडनाव पाठ होतं. अशाच एका शाळेच्या कार्यक्रमाला सर पाहुणे होते. दात्यांची नावं वाचता वाचता सूत्रसंचालकाचा घसा बसला. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, टाळ्या. ऊन डोक्यावर आलं आणि मुलं पेंगायला लागली. शेवटी सर माईकपाशी गेले आणि म्हणाले, "पंखा कुणी दिला ते कळलं. त्यांचे आभार. आता ज्या छताला तो टांगलाय, ते छत कुणी दिलं? त्यांचा सत्कार कधी आहे?"

आयोजकांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. सरांनी स्वतःची शाल काढली, समोर बसलेल्या लोकांकडे पाहून हात जोडले आणि म्हणाले, "तुम्ही सगळ्यांनी दिलं. मी तुम्हाला नमस्कार करतो." त्या शाळेनं सरांना पुन्हा बोलावलं नाही हे वेगळं सांगायला नको. मी जिथं शिकवते त्या बोरटाकळीच्या शाळेत तिसरीच्या वर्गात एक पंखा आहे, त्याच्या पात्यांवर काहीही लिहिलेलं नाही. तो कुणी दिला हे मी आज छापून टाकते. सरांनी दिला. निवृत्तीनंतर स्वतः टेम्पोतून घेऊन आले आणि पावती माझ्या हातात देऊन म्हणाले, "नाव घातलंत तर परत नेईन." सर रागावतील. रागावू देत.

आता बोरटाकळीबद्दल सांगते, कारण सरांचा खरा गौरव तिथं झाला.

बोरटाकळी हे भोकर तालुक्यातलं छोटं गाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मी मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले, तेव्हा शाळेचा पट उतरणीला लागला होता. ज्यांच्याकडे शेती, नोकरी, ते आपली मुलं व्हॅनमधून भोकरच्या इंग्रजी शाळेत धाडत. आमच्याकडे उरली मजुरांची मुलं आणि त्यातही मुली जास्त. मग काही वर्षांपूर्वी ती बातमी आली. पट कमी म्हणून आमची शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन करायचा विचार चालला होता आणि त्यावर ग्रामसभेचं मत मागवलं होतं. शेजारचं गाव फार लांब नाही. पण मध्ये नाला आहे, त्यावर पूल नाही आणि पावसाळ्यात त्याला छातीएवढं पाणी येतं.

कांताबाई माझ्याकडे आली ती त्याच दिवशी. दुसऱ्याच्या शेतावर रोजंदारीनं जाणारी बाई. तिची थोरली मुलगी चौथीनंतर त्या नाल्यामुळंच घरी बसली होती आणि पुढं लवकर तिचं लग्न लावून दिलं होतं. धाकटी आरती आमच्याकडं तिसरीत. "बाई," कांताबाई म्हणाली, "शाळा गेली तर ही बी गेली समजा. मी रोज खुरपायला जाते, हिला नाल्याच्या पल्याड कोन सोडील, कोन आनील?" मी म्हटलं, ग्रामसभेत बोल ना हे. ती म्हणाली, "आमी काय बोलनार बाई? शाळा जमीनवाल्यांची. ते पट्टी भरतेत. आमाला गुंठाभर रान न्हाई, आमचा काय हक हाय?"

मला आधी वाटलं, ही तिचीच समजूत. पण मी घरोघर फिरले आणि प्रत्येक मजुराच्या घरात हेच ऐकलं. शाळा जमीनवाल्यांची. जमीनवालेही तेच म्हणत होते, फक्त जोरात. "आमच्या पट्टीतनं शाळा निघाली, आमची पोरं तिथं न्हाईत, मग बंद करा. इमारत गोदामाला येईल." मी हताश होऊन सरांना फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर सर म्हणाले, "सुमन, ही समजूत त्यांची नाही हो. त्यांच्या आज्यापणज्यांची आहे. लोकल फंड शेतसाऱ्याबरोबर घ्यायचे ना, म्हणून शाळेचा धनी जमीनवाला असं डोक्यात बसलं. राज्य गेलं, फंड गेला, समजूत राहिली. मी येतो."

सत्तरीकडे झुकलेला माणूस, गुडघ्यात वंगण उरलेलं नाही आणि हा एस.टी.नं भोकरला, तिथून रिक्षानं बोरटाकळीला हजर! ग्रामसभा शाळेच्याच अंगणात होती. सरपंचांचे चुलते, गावातलं मोठं प्रस्थ, त्यांनी शाळा बंद करायचा ठराव आधीच तोंडी मांडून टाकला होता. सरांनी दोन मिनिटं बोलायची परवानगी मागितली आणि भाषण न करता एक साधी विनंती केली. "या शाळेसाठी जे जे कर भरतात, त्यांनी त्या लिंबाखाली जाऊन बसावं."

जमीनवाले हसत हसत उठले आणि अंगणातल्या कडुलिंबाच्या सावलीत जाऊन बसले. उन्हात उरल्या त्या मजूर बायका, काही म्हातारे आणि पोरं. कांताबाई खाली मान घालून बसली होती. मला सरांचा राग आला, खरंच सांगते. म्हटलं, हे काय करून बसले सर, आपल्याच हातानं गावाची फाळणी करून ठेवली!

सरांनी किराणा दुकानदाराला हाक मारली. तोही लिंबाखालीच होता. "आज सकाळी या कांताबाईंनी तुमच्याकडून काय नेलं?"

"कपडे धुवायची साबन नेली की."

"तशीच एक वडी आणा. पैसे मी देतो. पावती द्या."

वडी आली. सरांनी ती आरतीच्या हातात दिली आणि मागच्या बाजूची बारीक ओळ दाखवली. "वाच बेटा. मोठ्यानं."

आरती उभी राहिली. तिसरीतली पोरगी, भर ग्रामसभेत. तिला वाचायला मी शिकवलं होतं आणि ती अडखळली असती तर मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. तिनं बोट ठेवून वाचलं, "स-भी... क-रों... स-हि-त. सभी करों सहित." मग स्वतःच वर बघून म्हणाली, "म्हंजी सगळ्या करासकट."

"शाब्बास," सर म्हणाले. "कांताबाई, ही वडी तुम्ही घेता तेव्हा कर भरता. चप्पल घेता, भरता. बिस्किटाचा पुडा घेता, भरता. कुणी तुम्हाला आजवर सांगितलं नाही, एवढंच. तुमचे पैसे आधी जातात आणि मग शाळा येते."

चुलते चांगलेच खवळले. "सायेब, साबनाचा पैका शाळंतच येतो, हे कशावरून?"

सरांनी लपवालपवी केली नाही. "तोच रुपया इथं येतो असं मी म्हणत नाही. सगळा कर एका हौदात पडतो, तुमच्या शेताचा आणि यांच्या साबणाचाही. त्या हौदातून शाळेला पाणी येतं. हौदातलं कुठलं पाणी कुणाचं, हे तुम्हीही सांगू शकत नाही आणि मीही."

कांताबाई उठली. पदर सावरला आणि सरळ चालत लिंबाखाली गेली. चुलत्यांच्या शेजारी थोडी जागा होती, तिथंच बसली. "सरका वाईच," म्हणाली. "म्या बी भरून राहिले की इतकी वर्षं. मंग म्या बी धनीनच हाव." तिच्यामागं एकेक बाई उठली. म्हातारे उठले. बघता बघता उन्हात कुणीच उरलं नाही आणि लिंबाची सावली पुरेना. एक म्हातारी चुलत्यांना म्हणाली, "मालक, आता दाटीनं बसावं लागंल." चुलत्यांनासुद्धा हसू आवरलं नाही.

ठराव झाला: शाळा बोरटाकळीतच राहावी. ठराव मांडला कांताबाईनं आणि अनुमोदन दिलं किराणा दुकानदारानं. पुढं अधिकारी पाहणीला आले, त्यांनी नाला पाहिला आणि विलीनीकरण टळलं. पट फार वाढला असं नाही. दोनतीन घरांनी मुलं परत आणली, एवढंच. पण शाळा आहे. आरती आता भोकरच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकते आणि तिची आई आमच्या शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. बैठकीत ती मला इतके प्रश्न विचारते की कधीकधी वाटतं, सरांना उगाच बोलावलं!

सरांचा आणि माझा ऋणानुबंध शाळेपुरताच नाही. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी माझे वडील अचानक गेले. घरच्यांनी ठरवलं, आता शिक्षण पुरे. तेराव्यानंतर सर आणि काकू हिमायतनगरला आमच्या घरी आले. सर आईसमोर जमिनीवरच बसले. सांत्वनाचं काही त्यांना जमेना. शेवटी वडिलांच्या शिलाई मशीनवर हात ठेवून म्हणाले, "वहिनी, यांनी अर्धवट शिवलेलं कापड कधी गिऱ्हाइकाच्या हाती दिलं का?" आईनं नाही म्हणून मान हलवली. "मग ही मुलगीही अर्धी ठेवू नका." काकूंनी माझी पेटी भरली, त्यांच्या घरात मला वर्षभर ठेवून घेतलं आणि दाण्याच्या चटणीवर, ज्वारीच्या भाकरीवर वाढवलं. मी आज जी काही आहे, तिच्यात काकूंची चटणी फार आहे. हे सगळं लिहिताना डोळे भरून येतात. पण सरांना रडारड आवडत नाही, म्हणून पुढं जाते.

आमच्या शाळेला यंदा शासनाच्या निधीतून नवी वर्गखोली मिळाली. सरांची पंच्याहत्तरी जवळ आलेली. गावानं एकमुखानं ठरवलं, खोलीला सरांचं नाव द्यायचं. चुलतेच सगळ्यात पुढं होते. सरांची संमती आणायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. "बाई, तुमचं तोंड चालतं," असं म्हणून. मी एकटी जायला तयार नव्हते, म्हणून कांताबाईला बरोबर घेतलं.

सरांनी ऐकलं आणि अपेक्षेप्रमाणे भडकले. "आयुष्यभर काय सांगत आलो मी? पंख्यावर नाव घालू दिलं नाही आणि तुम्ही माझं नाव भिंतीवर कोरता? ती खोली मी बांधली का?" टेबलावर मूठ आपटली. चहा सांडला. काकू आतून फडकं घेऊनच आल्या, सवयीनं.

सरांचंच शस्त्र सरांनी माझ्यावर धरलं होतं. कांताबाई मात्र शांतपणे बशीतला चहा संपवत होती. बशी खाली ठेवून ती म्हणाली, "सर, तुमचं नाव नगं, तर नगं. पन पाटी कोरी न्हाई ठेवायची. ज्यायनी बांधली त्यायचं नाव टाका."

"कुणाचं?"

"आमचं. ल्ह्या, ही खोली साबन, चप्पल, काडीपेटी आन् मीठ घेनाऱ्यायनी बांधली."

सरांच्या चष्म्याच्या काचा धुरकट झाल्या होत्या, मी पाहिलं. मग ते एकदम सावरून बसले आणि म्हणाले, "मिठावर कर नाही. मीठ काढा."

आम्ही तिघीही हसून हसून बेजार झालो. पंच्याहत्तरीतही माणूस मिठाचा खोटा कर चालू देईना! पाटीचा मजकूर सरांनी स्वतः तपासून दिला. बोरटाकळीच्या रंगाऱ्यानं ती रंगवली आहे. "खाली सप्रेम भेट घालू का?" असं त्यानं सवयीनं विचारलं, तेव्हा कांताबाईनं त्याला असं काही झापलं की बिचाऱ्याचा ब्रश हातातून पडला. सरांच्या वाढदिवशी त्या खोलीचं उद्घाटन आहे. फीत कोण कापणार, यावर सरांचं म्हणणं असं की ज्यांनी बांधली त्यांनी कापावी. तेव्हा हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाला, ज्यानं कधी साबणाची वडी विकत घेतली आहे त्या प्रत्येकाला, माझं बोरटाकळीला यायचं आमंत्रण आहे. खोली तुमचीच आहे. कात्री एकच आहे, त्याला इलाज नाही.

सर, तुम्हाला दीर्घायुष्य चिंतायचं तर माझे शब्द अपुरे आहेत. काकूंच्या सोबतीनं, गुडघ्यांना थोडा आराम देऊन, आमच्या चुका काढत तुम्ही खूप जगा, एवढंच मी म्हणते. बाकीचं कांताबाईनं सांगितलंय. मी हा लेख लिहायला बसले आहे असं कळल्यावर ती शाळेत आली आणि दारातूनच म्हणाली, "माझं बी एक ल्ह्या त्यात. म्हनावं, सर, तुमी आमाला धनी केलं. आता धनी सांगून राहिलेत ते ऐका. लई वर्षं जगा. आमी साबन घेतच राहू."